वडिलांनी मत देणं सोडलं, म्हणून मीही देत नाही. तुमच्या घरातून काय आलं?

अर्धविराम :
बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं. मुद्दाम निवडणुका नसताना लिहितोय म्हणजे पक्षांवरून हाणामारी होणार नाही अशी आशा (आशाच).

माझे वडील मत देत नाहीत. विसरतात किंवा कंटाळा करतात असं नाही, ठरवून देत नाहीत. त्यांनी पहिलं मत दिलं १९७७ च्या मार्चमध्ये, तेव्हा वय २१ पूर्ण लागायचं आणि त्यांना ते नुकतंच झालं होतं. आणीबाणीनंतरची निवडणूक, कॉलेजातली अख्खी टोळी सायकली घेऊन प्रचाराला, रात्रभर रेडिओला कान लावून ऐकलेले निकाल, हे सगळं त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की मला ते स्वतः बघितल्यासारखं वाटतं. मग १९७९ च्या जुलैत ते सरकार आपसातल्या भांडणांत गेलं. "बाहेरच्यांनी पाडलं असतं तर चाललं असतं, ह्यांनी घरातच काड्या केल्या" हे त्यांचं कायमचं वाक्य. १९८० च्या जानेवारीत मतदान होतं तेव्हा ते गेले नाहीत, आणि नंतर आजतागायत नाही. पेपर मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार आणि चहाच्या आधी दोन मंत्र्यांना झोडून काढणार.

मी अशा घरात वाढलो. मतदानाचा दिवस म्हणजे सुट्टी. मीही आजवर मत दिलेलं नाही आणि खरं सांगायचं तर त्याची टोचणी वगैरे कधी लागली नाही, लाखो मतांत माझ्या एकाने काय होणार हा हिशोब मला अजूनही बरोबरच वाटतो. बायकोच्या माहेरी उलट, ते लोक सकाळी सातच्या आधी रांगेत. आता मुलगा अठराचा होतोय आणि परवा तो नावनोंदणीचा फॉर्म भरताना ओटीपी मागायला माझ्याकडे आला. ओटीपी दिला. पण तेव्हापासून विचार करतोय की हे मत देण्या न देण्याचं आपण स्वतः ठरवतो की घरातून आलेलं असतं? तुमच्याकडे काय आलं? आणि कोणी ते बदललं का?

टिचकी :
आमच्या घरातून मला डायबेटिस आणि एका पक्षाचा राग आला. दोन्ही आनुवंशिक, दोन्ही कंट्रोलमध्ये.

सदाफुली :
माझ्या आईचं सांगते. बाबा मतदानाच्या आदल्या रात्री जेवताना सगळ्यांना चिन्ह सांगायचे. चर्चा नाही, सूचना. उमेदवार दारात आला की बाबांचं ठरलेलं, "आमच्या घरात सात मतं आहेत, काळजी करू नका." ती सात मतं म्हणजे आजी, काकू, आई सगळ्या धरून. आई मान डोलवायची, सकाळी ठेवणीतली साडी नेसून बाबांच्या मागे चालत जायची, शाई लावून परत.

मला पहिल्यांदा मत द्यायचं होतं तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात विचारलं की बाबांनी सांगितलंय ते मला पटत नाही, काय करू. ती पोळी लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, "पुठ्ठ्याच्या मागे बाबा येतात का?" आणि मग हळूच, "मी कधी विचारलं का त्यांना?" मला दोन मिनिटं कळेचना ही काय सांगतेय. लग्नापासून ती तिच्या मनाने मत देत होती आणि घरातली सात मतं बाबांच्या हिशोबात सातच होती!

तिने कोणाला दिलं ते मला आजही माहीत नाही. विचारलं तर म्हणते, तुलाही सांगणार नाही. मला घरातून काय आलं म्हणाल तर हे.

भोचक भवानी :
सदाफुली, आईंना दंडवत _/\_

आणि कायदाही आईंच्या बाजूने आहे बरं का. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९४ वं कलम, तुम्ही कोणाला मत दिलं हे सांगायची सक्ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही करता येत नाही. मग जेवणाच्या ताटावर तर नाहीच नाही.

पानगळ :
आमच्याकडे सासरे करतात हे. व्हॉट्सॅप ग्रुपवर चिन्हाचा फोटो टाकतात आणि खाली सगळ्यांनी अंगठा द्यायचा. आम्ही तिघी जावा अंगठा देतो. पुढचं पुठ्ठ्यामागे.

रोखठोक :
धागाकर्ते, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ४५ च्या आसपासचा माणूस वडील रुसले म्हणून मत देत नाही हे कारण झालं का? वडिलांनी निदान एकदा देऊन बघितलं, मग रुसले. तुम्ही तर न देताच रुसलात. आणि मत न देणाऱ्याने रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल तोंड उघडू नये असं माझं मत आहे.

अर्धविराम :
रोखठोक, राग नाही. पण खड्ड्यांबद्दल बोलायचा हक्क टॅक्स भरून मिळतो, शाई लावून नाही. तसं असेल तर मत देऊन ज्यांचा उमेदवार निवडून आला त्यांनीच उलट गप्प बसायला पाहिजे, त्यांनीच आणला ना तो.

टिचकी :
१-१. चेंडू मध्यभागी.

नाना_उवाच :
मी शाळेत मास्तर होतो, रिटायर झालो. त्यामुळे माझं मतदानाशी नातं उलट्या बाजूने, टेबलाच्या पलीकडून. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडीलही मास्तरच. लहानपणी निवडणूक म्हणजे आमच्यासाठी वडील दोन दिवस घरी नसणं. जाताना वळकटी, कंदील, आईने दिलेली शिदोरी, आणि परत आले की अंगाला लाखेचा वास, कारण पेट्यांना लाखेचं सील असायचं. ते सांगायचे की १९५२ ला प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आपण कागद ज्याच्या पेटीत टाकू त्याला मत. शिक्का मारायचा प्रकार नंतर आला. म्हणजे वाचता न येणारा माणूस पण कोणाला न विचारता मत देऊ शकला पाहिजे एवढाच विचार त्यामागे. हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज चढायचा. पेटीला पाय फुटू द्यायचे नाहीत, हे त्यांचं एकच तत्त्व.

पुढे माझ्याही ड्युट्या लागल्या. आधी मतपत्रिका, २००४ पासून लोकसभेला सगळीकडे मशीन. बाहेरून लोकांना वाटतं बटण दाबलं, झालं. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी केंद्रावर एजंटांसमोर मॉक पोल घ्यावा लागतो, कमीत कमी पन्नास मतं टाकायची, मोजून दाखवायची, ती मतं पुसायची, मशीन शून्य दाखवायचं, सील करायचं, सह्या घ्यायच्या. तेव्हा बाहेर अजून उजाडलेलं नसतं, वर्गात चाळीसचा बल्ब आणि वेगवेगळ्या पक्षांचे एजंट जांभया देत एकाच थर्मासमधला चहा पिताहेत. संध्याकाळी क्लोजचं बटण दाबलं की एकूण किती मतं पडली तो आकडा नमुना १७-क वर लिहून प्रत्येक एजंटाला प्रत द्यायची. तो आकडा आणि रजिस्टरातल्या सह्या जुळल्या नाहीत तर केंद्राध्यक्षाला घाम फुटतो, मी फुटलेला बघितलाय.

गंमत म्हणजे एवढं करणाऱ्या माणसाचं स्वतःचं मत बऱ्याचदा राहून जातं. ड्युटी आपल्याच मतदारसंघात असेल तर ईडीसी (इलेक्शन ड्युटी सर्टिफिकेट) मिळते आणि जिथे ड्युटी तिथेच मत देता येतं, नाहीतर पोस्टल. त्याचा अर्ज वेळेत ट्रेनिंगला दिला पाहिजे. बरेच सहकारी द्यायचेच नाहीत, "कोण कटकट करेल". वडिलांनी मला पहिल्या ड्युटीच्या वेळी पत्र लिहून कळवलं होतं की फॉर्म भरला का ते कळव. तब्येत कशी आहे ते खालच्या ओळीत.

भोचक भवानी :
नाना, तब्येत खालच्या ओळीत हे भारीच. पुस्तक लिहा.

ढग :
नानांचा प्रतिसाद आवडला. पण धागाकर्त्याच्या हिशोबाकडे कोणी वळतच नाहीये. लाखो मतांत एकाने काय होतं? तर होतं. २००८ ला राजस्थानात नाथद्वारा, सी. पी. जोशी एका मताने पडले, ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. त्याआधी २००४ ला कर्नाटकात संथेमरहळ्ळीलाही एकाच मताचा फरक. आणि २०१७ ला मुंबई महापालिकेत प्रभाग २२० मध्ये दोघांना सारखी मतं पडली, शेवटी चिठ्ठी टाकून निकाल. त्या प्रभागात त्या दिवशी घरी झोपलेल्या प्रत्येक माणसाला पुढची पाच वर्षं काय वाटलं असेल?

अर्धविराम :
ढग, काही वाटलं नसेल, चिठ्ठीला शिव्या घातल्या असतील :) आणि तुम्ही आख्ख्या देशातनं इतक्या वर्षांत तीन उदाहरणं काढलीत, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला की. हजारो लढती होतात.

ढग :
मान्य, विधानसभा-लोकसभेला एका मताचा फरक क्वचितच. पण ग्रामपंचायतीत जाऊन बघा, तिथे एका वॉर्डात चारपाचशे मतं, दोनपाच मतांनी पडणं रोजचं आहे. तुमचा हिशोब लोकसभेचा आहे आणि राग खड्ड्यांचा आहे. खड्डे लोकसभा बुजवत नाही.

रोखठोक :
हा खरा पॉइंट. घरात मोठ्या निवडणुकीवर तास तास वाद घालणाऱ्यांना आपला नगरसेवक कोण ते सांगता येत नाही.

सावली_उन्हाची :
वाचत होते, लिहू की नको करत होते. आमच्या घरी मत न देणं हा विषयच होऊ शकत नाही. माझे आजोबा शिकलेले नव्हते, पण बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो कमिटीपुढे जाऊन आपल्या लोकांना मताचा हक्क द्या म्हणून मांडणी केली, तेव्हा त्यांचं वय २७, आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मतदान मागितलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. तेव्हा मत कोणाला होतं तर ज्याच्याकडे जमीन, जो टॅक्स भरतो, जो शिकलेला. म्हणजे आमच्यातलं जवळजवळ कोणीच नाही. घटनेतलं कलम ३२६ आलं आणि एका दिवसात वाड्यावरच्या मालकाचं आणि त्याच्या शेतात राबणाऱ्याचं मत सारखं झालं.

आजोबांचं पहिलं मत १९५२ चं. त्या दिवशी रांगेत ते मालकाच्या पुढे उभे होते, मालक नंतर आला म्हणून मागे. एरवी मालक समोरून आला की रस्ता सोडून उभं राहावं लागायचं. बाबा ही गोष्ट सांगतात तेव्हा निकाल काय लागला ते सांगतच नाहीत, मला ते फार उशिरा लक्षात आलं. त्यांना निकालाशी कर्तव्यच नाही, त्यांच्यासाठी गोष्ट रांगेत संपते.

त्यामुळे "एका मताने काय होतं" हे मी ऐकते तेव्हा मला राग येत नाही पण असं वाटतं की हे म्हणणाऱ्याच्या घरात कोणाला कधी मत नाकारलं गेलं नसावं. अर्धविराम, तुमच्यावर टीका म्हणून नाही.

पानगळ :
सावली, हा प्रतिसाद मी घरात वाचून दाखवला. रांगेत संपणारी गोष्ट... आणखी काय बोलणार.

अर्धविराम :
सावली, टीका म्हणून घेतलं तरी चालेल. याला माझ्याकडे गणिताचं उत्तर नाही. विचार करतो.

सदाफुली :
सावलीच्या प्रतिसादावरून आठवलं, पहिल्या याद्या करताना कित्येक बायका स्वतःचं नावच सांगायच्या नाहीत, "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असं चालणार नाही, स्वतःचं नाव पाहिजे, आणि अशी जवळपास २८ लाख नावं यादीतून गेली. ही मुख्यतः उत्तरेकडची गोष्ट, पण तेव्हापासून माझ्या आईच्या पुठ्ठ्यापर्यंत केवढा पल्ला आहे बघा.

लाटकर_नव्हे :
माझं जरा वेगळं. माझे वडील कार्यकर्ते. म्हणजे पद नाही, पैसा नाही, नुसतेच कार्यकर्ते. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून दोनशे मीटरच्या बाहेर जे टेबल लागतं ना, तिथे मी लहानपणी यादी धरून बसायचो. बाबा नाव वाचायचे, मी यादीत पट्टी ठेवून शोधायचो, चिठ्ठी लिहून द्यायची. दुपारी तीननंतर बाबा यादीवर नजर फिरवणार आणि "पाटलांचे तिघं यायचेत, जा रे" म्हणून मला पिटाळणार. मला गल्लीतल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय आणि वडिलांचं नाव माहीत होतं, शाळेत एवढं काही पाठ झालं नाही.

आता मी त्या पक्षाला मत देत नाही. उघड सांगितलं. बाबा सहा महिने बोलले नाहीत, आई मध्ये निरोप्या. मग पुढच्या निवडणुकीला सकाळी फोन, "तुमचे तिघं यायचेत." बस, एवढंच. कोणाला देणार विचारलं नाही. आम्ही गेलो.

टिचकी :
'तुमचे तिघं यायचेत' याला मी रडलो तर चालेल का? ऑफिसात आहे.

ज्ञानकण :
यावर अमेरिकेत बराच अभ्यास झालाय. जेनिंग्ज आणि निएमी या दोघांनी १९६५ ला शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे आईवडील अशा दोघांच्याही मुलाखती घेतल्या. आईबापांची पक्षनिष्ठा मुलांत बऱ्यापैकी उतरलेली दिसली, पण बाकी राजकीय मतं, एखाद्या प्रश्नावरची भूमिका वगैरे, ती फारशी उतरली नव्हती. आणखी एक, तिथल्याच नंतरच्या प्रयोगांत असं दिसलं की ज्याला एका निवडणुकीत मत द्यायला उद्युक्त केलं तो पुढच्या निवडणुकीतही जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे पहिल्यांदा जाणं महत्त्वाचं, मग सवय लागते. धागाकर्त्याला उलटी सवय लागली असं म्हणता येईल. अर्थात तिकडचे पक्ष दोन, आपल्याकडे एका पक्षाचेच दोन होतात, त्यामुळे जसंच्या तसं लावू नका.

नाना_उवाच :
एका पक्षाचेच दोन! ज्ञानकण, आमच्याकडे वडिलांची निष्ठा मुलात उतरेपर्यंत पक्षच जागेवर राहत नाही, उतरणार कुठून.

रोखठोक :
नाना, इथे थांबा. नाहीतर धागा उडेल.

भोचक भवानी :
अर्धविराम, तुमच्या वडिलांना कोणीच पसंत नसेल तर नोटा आहे की.

ज्ञानकण :
नोटा २०१३ चा. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरमध्ये निकाल दिला आणि त्याच वर्षअखेरीच्या विधानसभांपासून बटण आलं. त्याआधी नियम ४९-ओ होता, पण त्यात केंद्राध्यक्षाला सांगून रजिस्टरात नोंद करावी लागायची की मी मत देत नाही. म्हणजे सगळ्या एजंटांसमोर जाहीर. गुप्तता गेली, कोर्टाचा आक्षेप मुख्यतः त्यावरच.

ढग :
नोटा म्हणजे दात नसलेला वाघ. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या नंबरचा उमेदवार निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांवर मतं. २०२४ ला इंदूरला दोन लाखांच्या वर. काय फरक पडला? आपल्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ ला स्थानिक निवडणुकांपुरतं ठरवलं की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. हे बरं आहे.

अर्धविराम :
वडिलांना नोटा सांगून झालाय. त्यांचं म्हणणं, "नाराजी दाखवायला पण रांगेत उभं राहू? घरून दाखवतो की."

टिचकी :
वडिलांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

मुक्काम_परदेश :
इथे मी मत द्यायला तरसतोय आणि तुम्ही लोक सुट्टी म्हणून झोपा काढताय. २०१० च्या दुरुस्तीनंतर अनिवासी लोकांना फॉर्म ६-ए भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः त्या केंद्रावर जावंच लागतं. तिकिटाचा खर्च बघता माझं मत हे देशातलं सर्वात महाग मत ठरेल. मागच्या वेळी बाबांना फोन केला तर ते म्हणे, "तू नाहीस तेच बरं, तुझं मत माझं मत कापतं."

अवांतर : ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे, केंद्रीय निवडणुकीला गेला नाहीत तर वीस डॉलर दंड. तिथे आईवडिलांचे संस्कार वगैरे भानगड नाही, दंडाचं पत्र येतं.

पानगळ :
सक्ती नको बाई. सक्ती केली की पहिल्यांदा सासरे ग्रुपवर हजेरी घेतील.

सदाफुली :
आईचं अजून एक सांगायचं राहिलं. एका निवडणुकीत आम्ही पोचलो तर अधिकारी म्हणाले तुमचं मत झालंय, सही आहे. आई म्हणाली ही सही माझी नाही, मी इंग्रजीत सही करत नाही. मागे रांग तटलेली, बाबा म्हणाले चल राहू दे. ती हलली नाही. शेवटी एका तरुण अधिकाऱ्याने सांगितलं की टेंडर्ड मत देता येतं, कागदाची मतपत्रिका देतात, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. तिने दिलं. नंतर कळलं की ती मतं एरवी मोजतच नाहीत, कोर्टात प्रकरण गेलं तरच पाकीट उघडतं. मी तिला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "असू दे, माझ्या नावावर कोणीतरी खोटं बोललं याची नोंद तर झाली."

सावली_उन्हाची :
तुमच्या आईंना भेटायचंय मला.

लाटकर_नव्हे :
पाकिटावरून आठवलं, दुसरं पाकीट. त्यावर कोणी बोलत नाहीये. आमच्या भागात आदल्या रात्री पाकिटं फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारचे एक काका सगळ्यांची घेतात आणि मत आपल्या मनाचं देतात, आणि हेच मुलांनाही शिकवलंय, "आपलेच पैसे आहेत ते." बाबा मात्र स्वतःच्या पक्षाचं पाकीटसुद्धा दारात परत करायचे. आता मोठा झाल्यावर वाटतं काकांचं लॉजिक ऐकायला बरोबर आहे, पण त्यांच्या मुलांचे चेहरे आठवतात, रात्री बेल वाजली की पाकीट मोजायला धावणारे. त्या मुलांसाठी निवडणूक म्हणजे तेवढंच.

रोखठोक :
पाकीट घेणं देणं दोन्ही गुन्हाच आहे, लॉजिक कसलं त्यात.

ढग :
गुन्हा आहे हे काकांना पण माहीत असणार हो. पण ज्याच्याकडे पाच वर्षांत एकदाच कोणी येतं त्याला तत्त्वज्ञान सांगणं सोपं आहे.

नाना_उवाच :
अर्धविराम, एक विचारू? वडिलांचं नाव यादीत आहे का? इतकी वर्षं मत न देणाऱ्यांची नावं बऱ्याचदा उडालेली असतात. कार्ड असून उपयोग नाही, यादीत नाव पाहिजे.

अर्धविराम :
नाना, तुमच्या प्रश्नामुळे काल रात्री मुलाला बसवलं साइटवर. वडिलांचं नाव आहे! आणि गंमत म्हणजे आत्ताच्या पत्त्यावर आहे. आम्ही या घरात आल्यानंतर कोणीतरी पत्ता बदलून घेतलाय, आणि आईला असल्या फॉर्मची माहिती नाही. म्हणजे ह्यांनीच. सकाळी विचारलं तर म्हणाले, "यादीत नाव पाहिजे. द्यायचं की नाही ते मी ठरवणार, त्यांनी नाव उडवून का ठरवावं?"

यादीत माझं नाव नाहीच, कधी नव्हतंच.

ज्ञानकण :
फार अर्थ काढू नका असं मी म्हणेन, पुष्कळ लोक पत्त्याचा पुरावा म्हणून कार्ड अपडेट ठेवतात. पण वाक्य जबरदस्त आहे.

सावली_उन्हाची :
मला तर वाटतं तुमचे वडील मत न देता मतदारच राहिलेत. तुमचं तसं नाही, तुम्ही त्यांच्याकडून अर्धंच घेतलंत. नाव राखायचं तेवढं राहिलं.

अर्धविराम :
हे लागलं. माझा हिशोब अजून बदललेला नाही, ढगनी कितीही उदाहरणं दिली तरी. पण वडिलांचा बहिष्कार आणि माझं न जाणं मी आजवर एकाच खात्यात टाकत होतो, ते वेगळं काढावं लागेल. त्यांनी एका गोष्टीवर चिडून ठरवलं. मी नुसताच त्यांच्या चिडण्यावर बसून राहिलो. मुलगा म्हणतोय बाबा तुमचाही फॉर्म भरू का, साइट उघडीच आहे. अजून हो म्हटलेलं नाही. या वयात पहिल्यांदा नाव घालता येतं का, की काही अडचण येते?

नाना_उवाच :
अडचण काही नाही, वयाची वरची मर्यादा नाही. तोच फॉर्म ६. बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) घरी येईल पडताळणीला, आधी दुसरीकडे कुठे नाव होतं का विचारेल, नव्हतं तर नव्हतं सांगा. एवढंच करा की निवडणूक लागायची वाट बघू नका, तेव्हा गर्दी होते आणि अर्जाची मुदतही निघून जाते. मुलाचं अठरा कधी पूर्ण होतंय? पूर्वी एक जानेवारी ही एकच तारीख धरायचे, आता एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै, एक ऑक्टोबर अशा चार आहेत. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो.

भोचक भवानी :
आमच्या आजीचं सांगून मी थांबते. ८५ च्या वर आहे म्हणून २०२४ ला फॉर्म १२-डी भरून घरी मतदान घेतलं. टीम आली, व्हिडिओवाला आला, पुठ्ठा लावला, कागदावर मत घेतलं, पाकीट बंद. सगळे खूश, आजी फुगलेली. का तर "बटण कुठंय? पींऽऽ असा आवाज आला नाही म्हणजे मत गेलं कशावरून?" आता पुढच्या वेळी व्हीलचेअरवरून केंद्रावरच जाणार म्हणते. आम्ही चौघं उचलून नेणार.

टिचकी :
अर्धविराम, फॉर्मवर हो म्हणा. घरी बीएलओ आला की वडील त्याला १९७९ सांगतील, तो गरीब शिक्षक असेल, त्याची अर्धा दिवस सुटका नाही. तेवढ्यासाठी तरी.

नाना_उवाच :
मी बीएलओचं काम केलंय. असे म्हातारे प्रत्येक यादीभागात एकदोन असतात. चहा चांगला मिळतो त्यांच्याकडे.